पॅराप्रोच्या वाचनासाठी सराव पेपर की रोजचा एक उतारा?

अमेरिकेतल्या शाळेत शिक्षकाचा मदतनीस व्हायचं होतं. भारतातल्या पदवीचं मूल्यांकन करून घेत बसण्यापेक्षा पॅराप्रो, म्हणजे अशा मदतनिसांसाठी असलेली वाचन, लेखन आणि गणिताची परीक्षा, देऊन टाकलेली बरी, असं मला वाटलं. वाचनाच्या तयारीचे दोन रस्ते होते. एक, टायमर लावून सराव पेपर सोडवत सुटायचं. दुसरा, रोज एकच उतारा घेऊन त्याच्याशी झटायचं. मी पहिल्या रस्त्याने निघालो आणि दुसऱ्यावर पोचलो, तेव्हा अगदीच तटस्थ आहे असं म्हणवत नाही.

सराव पेपरांनी धास्ती जाते, हे खरं. माझी तीन पेपरांत गेली. चौथ्यापासून मात्र गुण हलेनात.

वैताग आणला तो उत्तरसूचीने. 'बरोबर उत्तर : ब', संपलं. माझं 'क' का चुकलं, याबद्दल अवाक्षर नाही. एक उतारा अजून आठवतो. उंच इमारतींचे दिवे रात्री स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांना भुलवतात, ते काचांवर आपटतात, म्हणून काही ठिकाणी त्या दिवसांत दिवे मालवतात. मध्यवर्ती कल्पना कोणती? मी निवडलं, 'अनेक पक्षी रात्री स्थलांतर करतात.' वाक्य खरं, उताऱ्यात जवळजवळ तसंच होतं. पण तो नुसता तपशील! बरोबर पर्याय होता, 'माणसाने थोडी सवय बदलली तर होणारं नुकसान टळू शकतं,' आणि त्यात ना पक्षी, ना दिवे. मी अर्थ सोडून ओळखीचे शब्द हुडकत होतो, आणि पेपरामागून पेपर सोडवून तीच खोड पक्की होत होती.

मग वही घातली. पर्याय झाकून उत्तर आधी एका ओळीत मराठीत लिहायचं. ते जमलं नाही, तर उतारा समजलेलाच नाही. नंतर प्रत्येक चुकीच्या पर्यायापुढे पेन्सिलने कारण : 'खरं, पण तपशील', 'उताऱ्यात नाहीच', 'फार मोघम', 'उलटा अर्थ'. एका उताऱ्याला अर्धा तास सहज जातो. कंटाळा येतो, आणि पहिले दोन आठवडे काही फरक पडतोय असं वाटतही नाही.

वेग कमी पडेल ही भीती मलाही होती. पण अडीच तासांत 90 प्रश्न, म्हणजे प्रश्नाला एक मिनिट चाळीस सेकंद. वाचनाचे त्यात 30. चुकीला गुणही कापत नाहीत. मला तरी घड्याळ आड आलं नाही.

उताऱ्यांनी भागत नाही अशी एक जागा आहे. मुलाला वाचायला कशी मदत कराल, या धर्तीचे प्रश्न. तिथे आपली मराठी शाळा आडवी येते. आपल्या कानाला 'बिट' ह्रस्व आणि 'बीट' दीर्घ. इंग्रजी वाचनवर्गात 'बिट'मधल्या आय या अक्षराची जोडी लागते 'बाइट'शी, कारण तिथे दीर्घ म्हणजे अक्षराच्या नावासारखा उच्चार. हे मला सराव पेपरातच कळलं, तेव्हा त्यांना अगदी मोडीत काढता येत नाही.

परीक्षा आठ दिवसांवर आली असेल तर पेपरच सोडवा, वही जमायची नाही. महिना-दीड महिना हाताशी असेल तर मी वहीकडे झुकेन. शेवटच्या आठवड्यात मीही दोन पेपर सोडवले, पण कारणं लिहायला पेन्सिल हातात धरूनच.