दात व्हाइट केल्यावर काय लावायचं: फ्लोराइड पेस्ट, सेन्सिटिव्ह पेस्ट की डॉक्टरकडचं व्हार्निश?

लग्नाच्या तोंडावर दात व्हाइट करून घेतलेत, आता गार पाणी लागलं की कळ येतेय आणि मेडिकलवाला तीन ट्यूबा पुढं ठेवतोय, तर आधी त्रास नेमका काय आहे ते बघा.

दात व्हाइट करायला लावतात त्या ब्लीचमधलं पेरॉक्साइड इनॅमलमधनं, म्हणजे दाताच्या वरच्या कडक थरातनं, आत डेंटिनपर्यंत, म्हणजे त्याखालच्या थरापर्यंत जातं, कळ येते ती त्यानं, आणि जाता जाता वरच्या थरातलं थोडं कॅल्शियम-फॉस्फेटही निघतं. लाळ ते बऱ्यापैकी भरून काढते, फ्लोराइड त्या कामाला जोर देतं आणि भरलेला थर आंबटाला जास्त टिकतो, म्हणजे साधं इनॅमल पीएच (आंबटपणाचं माप, आकडा कमी तेवढं जास्त आंबट) ५.५ च्या आसपास विरघळायला लागतं, फ्लोराइडवालं ४.५ च्या आसपास. फ्लोराइडनं दात परत पिवळे होतील ही भीती काढून टाका.

साधी फ्लोराइड पेस्ट: आपल्याकडं १००० पीपीएमपर्यंतच (दहा लाख भागांत हजार भाग) फ्लोराइड चालतं, ट्यूबवर लिहिलेलं असतं, हर्बलमध्ये बऱ्याचदा नसतंच, वाचून घ्या. घरी ट्रेमध्ये १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइड वापरलं असेल, जे साधारण ३.५ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडइतकं भरतं, तर माझ्या मते ही पुरते. फक्त ब्रश झाल्यावर थुंका, लगेच खळखळून चूळ भरू नका, बरंचसं फ्लोराइड धुऊन जातं.

सेन्सिटिव्हवाली: तिच्यात बहुतेक ५ टक्के पोटॅशियम नायट्रेट असतं, ते नस शांत करतं पण इनॅमल भरत नाही. कळ कमी झाली म्हणजे इनॅमल भरलं असं नव्हं. हे आणि फ्लोराइड दोन्ही असलेली ट्यूब मिळते, मी तीच घ्या म्हणेन.

व्हार्निश: दातांवर लावायचा फ्लोराइडचा लेप, ५ टक्के सोडियम फ्लोराइड, म्हणजे २२,६०० पीपीएम, डॉक्टरच लावतात. क्लिनिकात ३५-४० टक्क्यांचं ब्लीच झालंय, हिरड्या खाली सरकल्यात किंवा कळ सहनच होत नाही, तर पैसे घालवा की. काही व्हार्निशचा पिवळसर थर दिसतो, ब्रश केल्यावर जातो, घाबरू नका. व्हार्निशऐवजी फ्लोराइडचं जेल लावणार म्हणाले आणि दातावर सिरॅमिकची कॅप असेल तर आधी सांगा, १.२३ टक्क्यांचं एपीएफ नावाचं जेल आम्लाचं असतं, सिरॅमिकचा गुळगुळीतपणा घालवतं, आम्ल नसलेलं न्यूट्रल मागा. बेळगावात डेंटल कॉलेजं आहेत, तिथल्या ओपीडीतही विचारून बघा.

आता बोअरच्या पाण्यावर वाढलेल्यांचं, त्या पाण्यात फ्लोराइड जास्त असू शकतं. दातांवर आधीपासनं पांढरे डाग असतील तर ते फ्लोरोसिसचे, म्हणजे जादा फ्लोराइडनं पडलेले, असू शकतात, ब्लीचनंतर सुरुवातीला जास्तच उठून दिसतात. हे डाग लहानपणी दात घडताना पडतात, मोठेपणी पेस्ट लावून नाही. पण घरात लहान पोरं असतील तर पाणी तपासून घ्याच, लिटरला १ मिलिग्रॅमपेक्षा जास्त फ्लोराइड नको, दुसरं पाणीच नसेल तर १.५ पर्यंत.

आणि कुठलीही ट्यूब घ्या, मशेरी, कोळशाची पावडर, लिंबू-मीठ घासणं बंद. ब्लीचनंतर नुकत्याच मऊ पडलेल्या थरावर ते घासलं तर फ्लोराइडनं भरून येतंय तेवढं खरवडून जातं.