ओटागो रेल-ट्रेलसाठी घेतलेली हायब्रिड सायकल: उन्हाळा-पावसाळा काढल्यानंतर

मागच्या दिवाळीत आम्ही नवरा-बायकोने दोन हायब्रिड (रोड बाइक आणि माउंटन बाइक यांच्या मधल्या) सायकली घेतल्या, त्या एका ठरलेल्या बेतासाठी. पुढच्या मार्चमध्ये न्यूझीलंडमधली ओटागो सेंट्रल रेल-ट्रेल पुरी करायची आहे. लेक त्याच भागातल्या डनेडिन शहरात असते, त्यामुळे जागा निवडायला वेळ लागला नाही. बेळगावात पहाटे सायकल चालवणारे पुष्कळ दिसतात, पण अशा वाटेच्या तयारीबद्दल कुणाला विचारावं ते कळेना. म्हणून उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही काढून झाल्यावर सविस्तर लिहिते आहे.

आधी वाट कशी आहे ते सांगते, कारण सायकल तिच्यावरच ठरते. क्लाइड ते मिडलमार्च, 152 किलोमीटर. ही पूर्वीची आगगाडीची लाइन. क्लाइडच्या धरणाचं सामान वाहायचं काम होतं तोवर ती तग धरून होती, 1990 मध्ये बंद पडली. पुढे रूळ उखडले, मार्गावर बारीक खडी दाबून बसवली, पुलांवर लाकडी फळ्या टाकल्या आणि 2000 मध्ये वाट सायकलवाल्यांना आणि चालणाऱ्यांना खुली झाली. तिकीट नाही, मोटारगाड्या नाहीत. इंजिनाला झेपावा म्हणून चढ पन्नासाला एकच्या (पन्नास मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर) आसपासच ठेवलेला होता, तो आज आपल्याला आयता मिळतो. सगळ्यात उंच जागा वेडरबर्नजवळ, 618 मीटर. आपलं बेळगाव शहरच साधारण 750 मीटरवर वसलंय! हे वाचलं आणि माझी निम्मी भीती गेली.

म्हणजे या वाटेला छाती फुटेल असा घाट नाही. कस लागतो तो तासन्‌तास सीटवर बसण्याचा, खडीचा आणि माळावरच्या वाऱ्याचा. सायकल दाखवताना दुकानदार गिअर किती ते मोजून दाखवतात. रेल-ट्रेलसाठी तो प्रश्न शेवटचा. माझ्या सायकलला पुढे तीन, मागे आठ गिअर आहेत आणि पुढची सगळ्यात मोठी चकती मी क्वचित वापरते.

टायर मात्र नीट बघून घ्या. आमचे 700 × 40 चे, म्हणजे 40 मिलिमीटर रुंद आहेत. राकसकोपकडच्या कच्च्या रस्त्यावर यांनी मित्राची अरुंद टायरची रोड बाइक चालवून पाहिली, हात बधिर होऊन परत आले. रुंद टायरमध्ये हवा थोडी कमी ठेवली की खडी अंगावर येत नाही. पुढच्या चाकाचं धक्के झेलणारं सस्पेन्शन बरं आहे, पण त्यासाठी जास्त पैसे मोजू नयेत. त्याच्या वजनापेक्षा टायरची रुंदी जास्त उपयोगी पडली. सांबरा-सुळेभावीच्या बाजूला बाभळीचे काटे फार. ट्यूबमध्ये सीलंट (बारीक भोक आतून बुजवणारा द्रव) भरून घेतल्यापासून पंक्चरचा त्रास खूप कमी झाला.

सीटबद्दल सगळ्यात जास्त लिहायला हवं. सायकलबरोबर आलेली सीट अरुंद आणि वर मऊ. तासाभरापर्यंत छान वाटते, नंतर तो मऊपणाच टोचायला लागतो, कारण गादी दबते आणि भार बसायच्या हाडांवर न राहता मधल्या नाजूक भागावर येतो. वरून जेलचं कव्हर घातलं तर आणखी वाईट. शहापुरातल्या आमच्या सायकलवाल्यांनी थोडी रुंद, मध्ये खाच असलेली आणि जरा कडक सीट बसवून दिली. पहिला आठवडा अंग दुखलं, पुढे मी सुळेभावीपर्यंत जाऊन सहज परत यायला लागले. बायकांनी हे आवर्जून करून घ्यावं. याबद्दल कुणी मोकळेपणाने बोलत नाही आणि सायकल बिचारी अडगळीत जाते. सीटची उंची अशी हवी की टाच खालच्या पेडलवर ठेवली तर पाय सरळ व्हावा. पॅडेड शॉर्टच्या आत दुसरं काही घालायचं नसतं, शिवण काचते. मी वरून साधी ट्रॅक पँट घालते, टिळकवाडीतल्या रेल्वे गेटवर थांबताना संकोच वाटत नाही.

पावसाळ्यात जांबोटी रोडला तांबड्या चिखलाने डिस्क ब्रेकचे पॅड लवकर खाल्ले. श्रावणातच बदलावे लागले. चेन प्रत्येक फेरीनंतर पुसून तिला तेल द्यावं लागतं, नाहीतर दुसऱ्या दिवशी करकर. ब्रेक लावताना थोडा आवाज येतो, पण पकड पक्की आहे. मागचं कॅरिअर नुसतं नावाला आहे, सात-आठ किलोच्या पुढे डुगडुगतं. हँडलला अडकवायची छोटी पिशवी मात्र फार कामाची: पाणी, चिक्की, रेनकोट, टॉर्च. टॉर्च तिकडेही लागणार, पूलबर्न घळीत दोन बोगदे आहेत आणि हाइडजवळ आणखी एक, आत अंधार असतो.

इथे एक गोष्ट तळमळीने सांगते. आपल्याकडे रेल्वेच्या वाटेने चालायचं म्हटलं की पोरांना कॅसलरॉकहून दूधसागर आठवतो. ती वाट बंद पडलेली नाही, चालती लाइन आहे. सदतिसाला एक चढाच्या त्या घाटात मागून जोडलेली इंजिनं मालगाडी ढकलत असतात, बोगद्यात बाजूला सरकायला जागा नसते. रेल्वे कायद्याच्या कलम 147 प्रमाणे रुळांवर शिरणं गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 1000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. सरावासाठी आपल्याला रस्ते कमी आहेत का? आम्ही देसूरमार्गे खानापूर, उचगाव, राजहंसगडाचा पायथा असे आलटून पालटून जातो. वाऱ्याच्या सरावाला बैलहोंगलकडचा उघडा रस्ता उत्तम. वारा समोरून असेल तेव्हा मुद्दाम निघायचं, गिअर हलका ठेवायचा आणि पाय एका लयीत फिरवत राहायचं.

तिकडे जायचा बेत आखताना आधी मुक्काम ठरवा, मग तारखा. गावं लहान, खोल्या मोजक्या. आम्ही चार दिवस धरलेत: ओमाकाऊ, वेडरबर्न, मग हाइड, शेवटी मिडलमार्च, तिथून डनेडिन गाडीने 80 किलोमीटर. पायी जाणाऱ्यांनी आठवडा तरी हाताशी ठेवावा. सामान पुढच्या मुक्कामी पोचवणारी गाडी मिळते, सायकलही भाड्याने मिळते, म्हणून आमच्या सायकली इथेच राहणार. तिकडे मार्च म्हणजे शरद ऋतू, दिवसा ऊन, रात्री गारठा. हेल्मेट तिथे रस्त्यावर सक्तीचं आहे. विमानतळावर खाण्याचे जिन्नस आणि माती लागलेले बूट डिक्लेअर करावेच लागतात. लपवलेलं सापडलं तर जागेवर 400 न्यूझीलंड डॉलर दंड. मध आणि दुधाच्या पदार्थांवर नियम कडक, त्यामुळे लेकीसाठी कुंदा न्यायचा विचार सोडलाय.

सीट मात्र माझी मी नेणार आहे. भाड्याच्या सायकलला ती बसवता येईल असं त्यांनी कळवलंय. सीटपोस्टचं (सीट ज्या दांड्यावर बसते त्याचं) माप लिहून घेतलंय, ॲलन-कीचा सेट चेक-इनच्या बॅगेत जाईल, आणि बुटांचे तळ निघायच्या आदल्या रात्री ब्रशने घासून वाळवायचेत.