किंग्ज गॅम्बिट की क्वीन्स गॅम्बिट?

बुद्धिबळाच्या पहिल्या स्पर्धेत पांढऱ्याने यातली कुठली सुरुवात खेळावी, असं एका मित्राने विचारलं. गॅम्बिट म्हणजे फायद्यासाठी सुरुवातीलाच प्यादं देऊ करणं.

आधी धोका. किंग्जमध्ये दुसऱ्याच चालीला एफ४ (राजाकडच्या उंटापुढचं प्यादं दोन घरं पुढे) केल्याने आपल्याच राजाकडे येणारी तिरपी वाट उघडते. घोडा वेळेत एफ३ वर नसेल, तर काळ्याचा वजीर एच४ वरून शह देतो. जर्मन खेळाडू अँडरसनच्या १८५१ च्या ‘अमर डावा’तही तो शह बसला, कॅसलिंग (राजाला हत्तीआड सुरक्षित नेणारी चाल) गेलं, तरी काय देखणा डाव!

क्वीन्समध्ये (डी४ नंतर सी४) देऊ केलेलं प्यादं सहसा परत मिळतं. काळ्याने बी५ करून ते राखलं तर ए४ ने त्याची प्याद्यांची फळी फुटते. कॅपाब्लांका-अलेखिन जगज्जेतेपदाच्या लढतीत (१९२७) ३४ पैकी ३२ डाव क्वीन्स गॅम्बिटचेच, पण काळ्याने प्यादं न स्वीकारलेले.

तयारी? किंग्जला पाठांतर, क्वीन्सला समज.

झटपट डावांना, हल्ल्याची हौस असेल तर किंग्ज. लांब डावांच्या स्पर्धेला मी क्वीन्सच सुचवेन.