हेरेसी ३ स्पीकरला कोणता अ‍ॅम्प? माटुंग्याच्या हॉलमध्ये ऐकलेले चार

क्लिप्श कंपनीचे हेरेसी ३ स्पीकर घेतलेत म्हटलं की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "अ‍ॅम्प किती वॅटचा लावलाय?" लॅमिंग्टन रोडला, मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, दुकानदारही हेच विचारतात आणि शंभर वॅटच्या खाली काही दाखवायला तयार नसतात. या स्पीकरच्या बाबतीत हा प्रश्न कामाचा नाही. विचारायचं ते असं की अ‍ॅम्पचा गेन किती आहे, म्हणजे आत आलेला सिग्नल तो किती पट मोठा करतो, आणि गाणं बंद असताना तो स्वतः किती आवाज करतो.

हिशेब सोपा आहे. हेरेसी ३ ची सेन्सिटिव्हिटी कंपनी ९९ डेसिबल सांगते, म्हणजे एक वॅट दिला की एक मीटरवर ९९ डेसिबल. छोटे बुकशेल्फ स्पीकर बरेचसे ८६ च्या आसपास असतात. हा १३ डेसिबलचा फरक भरून काढायला त्यांना वीसपट वॅट लागतात. आमचा हॉल साधारण ११ बाय १६ फुटांचा, सोफा स्पीकरपासून आठेक फुटांवर. तिथे ७५ डेसिबलला, म्हणजे घरात निवांत ऐकतो तेवढ्या आवाजाला, सरासरी एक शतांश वॅट पुरतो. तबल्याची थाप वीस डेसिबलने उसळली तरी मागणी एका वॅटची. पण गाणं जितकं वाढतं, तितकीच अ‍ॅम्पची सूंसूंही वाढते. ८६ डेसिबलच्या स्पीकरवर जो अ‍ॅम्प चिडीचूप वाटतो, तोच इथे बोलायला लागतो.

स्पीकरबद्दल थोडक्यात. हे मॉडेल मूळ १९५७ चं. कंपनीचे संस्थापक पॉल क्लिप्श यांनी कोपऱ्यात ठेवायच्या दोन मोठ्या हॉर्नच्या मधोमध ठेवायला म्हणून केलेलं. हेरेसी ३ मध्ये १२ इंची वूफर बंद पेटीत, वर मिड आणि ट्वीटर दोन्ही हॉर्नचे. लहान पेटी, खोल बास आणि जास्त एफिशियन्सी ही तिन्ही एकत्र मिळत नाहीत. इथे बासवर पाणी सोडलंय. कंपनीच्याच आकड्यानुसार ४८ हर्ट्झपर्यंत मजल. आपल्या गाण्याला ते पुरतं. काळी एकला (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला) लावलेल्या तानपुऱ्याचा खर्ज ६९ हर्ट्झच्या आसपास येतो आणि तो हे स्पीकर भरून देतात. सिनेमातले स्फोट हवे असतील तर दुसरं काहीतरी घ्या.

पहिला अ‍ॅम्प ट्रान्झिस्टरचा, शंभर वॅटचा, नावाजलेल्या कंपनीचा. नॉब जेमतेम हलवला की हॉल भरतो, त्यामुळे ऐकणं सगळं नॉबच्या सुरुवातीच्या चिमूटभर टप्प्यात. आणि नेमका तिथेच डावा-उजवा चॅनल सारखा नसतो. गायक मधोमध बसायचा तो डावीकडे सरकतो, नॉब थोडा वाढवला की जागेवर येतो. पण तेवढ्या आवाजात रात्री ऐकलं तर शेजारचे काका दार वाजवतील. प्रीआउट (आधीच्या, प्री टप्प्यातून बाहेर) आणि मेनइन (पुढच्या टप्प्यात आत) अशा वेगळ्या जोडण्या असलेल्या अ‍ॅम्पमध्ये मधे १० डेसिबलचा अ‍ॅटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा तुकडा) घातला की यातलं बरंचसं सुटतं, प्रीची हिसही तेवढी दबते. या अ‍ॅम्पला ती सोय नव्हती. परत केला.

दुसरा ३००बी या व्हॉल्व्हचा (ट्रान्झिस्टरच्या जागी काचेची नळी), सिंगल एंडेड म्हणजे चॅनलला एकच आउटपुट व्हॉल्व्ह, आठ वॅट. या जोडीचं कौतुक तुम्ही ऐकलं असेल, आणि ते खरं आहे. मल्लिकार्जुन मन्सूरांचं जुनं रेकॉर्डिंग लावलं तेव्हा स्वर उच्चारण्याआधी घेतलेला श्वास ऐकू आला. पण ३००बी मध्ये फिलामेंट, म्हणजे तापवायची तार, हाच कॅथोड, म्हणजे इलेक्ट्रॉन सोडणारा भाग, असतो. ते एसीवर तापवलं की हम, म्हणजे विजेची घूं, थेट गाण्यात उतरतो, आणि हम कमी करायचा पॉट (छोटा नॉब) कितीही नीट लावला तरी मागे १०० हर्ट्झची घूं उरते. आता काळी एकच्या तानपुऱ्याची पंचमाची तार बघा: १०४ हर्ट्झच्या जवळपास. म्हणजे विलंबित ख्यालात गवई थांबला की तानपुऱ्याच्या पंचमाखाली, किंचित उतरलेला, दुसराच पंचम वाजत राहतो. माझ्याच्याने ते सहन होत नाही. दिवसा मध्य रेल्वेच्या खडखडाटात हे कळणारही नाही. रात्री शेवटची लोकल गेली की कळतं. ३००बी घ्यायचाच असेल तर फिलामेंट डीसीवर चालवलेला घ्या.

घरी राहिला तो तिसरा: ईएल८४ या छोट्या व्हॉल्व्हचा पुशपुल (दोन व्हॉल्व्ह जोडीने काम करणारा), चॅनलला जेमतेम बारा वॅट, एका कारागिराने हाताने बांधलेला. ट्वीटरला कान लावला तरच हिस सापडते, हम नाही. आउटपुट ट्रान्सफॉर्मरला ४ आणि ८ ओहमचे टॅप, म्हणजे स्पीकर जोडायच्या जागा, आहेत. स्पीकर कागदावर ८ चा असला तरी दोन्ही लावून बघाच. ४ च्या टॅपवर अ‍ॅम्पचा आउटपुट इम्पिडन्स (स्पीकरकडे बघताना त्याचा स्वतःचा विरोध) कमी होतो, त्यामुळे वूफरवर पकड येते. डग्ग्याची घुमक तिथल्या तिथे संपते, मागे रेंगाळत नाही. थोडे वॅट जातात, ते इथे कोणाला हवेत? तानपुऱ्याची जवारी या जोडीवर जशी उलगडते तशी मी घरात दुसऱ्या कशावर ऐकलेली नाही. मे महिन्यात हॉलमध्ये या व्हॉल्व्हची ऊब जाणवते, पंखा एक नंबर वाढवावा लागतो. ईएल८४ आजही नवीन बनतात आणि ३००बी च्या मानाने फारच स्वस्त पडतात.

एवढा खर्च नको असेल तर लॅमिंग्टन रोडवरचा टीपीए३११६ चिपचा क्लास डी (झपाझप चालू-बंद होऊन चालणारा) अ‍ॅम्पचा बोर्ड हेरेसीला लावून बघा. मी लावला, आणि दिलेल्या पैशांत हरखून गेलो. ईएल८४ सारखा गळ्याचा ओलावा नाही, पण लय चोख. या चिपचा गेन २०, २६, ३२ किंवा ३६ डेसिबलला ठेवता येतो. बोर्ड वरच्या गेनवर लावलेला आला तर हेरेसीवर हिस होणारच. दोन रेझिस्टर बदलून तो २० वर आणून मागा. दुकानदार म्हणेल, "साहेब, आवाज कमी येईल." येऊ द्या.