यूकेच्या कॉलेजमधला एनसीटीजे जर्नलिझम डिप्लोमा: करावा का? माझा अनुभव

इथे जर्नलिझम शिकायचं म्हटलं की आपल्या लोकांच्या डोक्यात तीन वर्षांची डिग्रीच येते. पण एफई (फर्दर एज्युकेशन) कॉलेजात, म्हणजे जिथे शेजारच्या वर्गात प्लंबिंग नाहीतर हेअरड्रेसिंग चालू असतं तिथे, एनसीटीजेचा (पत्रकारांच्या ट्रेनिंगची इथली संस्था) डिप्लोमा वर्षभरात होतो आणि लोकल पेपरचे एडिटर अजूनही तो आहे का ते आधी विचारतात. हार्लो, डार्लिंग्टन इथल्या कॉलेजांनी वर्षानुवर्षं पेपरांना रिपोर्टर दिलेत. मी दुसऱ्या एका कॉलेजात केला, त्याचं नाव देत नाही, कारण खाली तक्रारही आहे.

सगळ्यात जीव काढते ती शॉर्टहँड. टीलाइन म्हणतात, 1968 मध्ये जेम्स हिल नावाच्या शिक्षकाने काढलेली. अक्षराची मुख्य रेघ तेवढी ठेवायची, मधले स्वर बहुतेक गाळायचे. ज्यांच्या घरी जुने मोडी कागद आहेत त्यांना लगेच कळेल, तिथेही हात न उचलता लिहीत जायचं, ऱ्हस्व-दीर्घ बघायचं नाही आणि वाचणाऱ्याने संदर्भावरून लावून घ्यायचं. मिनिटाला 60 शब्द जमले की बरं वाटतं, 80 ला बहुतेक जण अडकतात, आणि टार्गेट असतं 100. रोज घरी कानात डिक्टेशन लावून बसल्याशिवाय ते होत नाही, वीकेंडला सगळं उरकू म्हणणारे मागे पडतात.

फोनमध्ये रेकॉर्डर असताना ही मारामारी कशाला, असं सुरुवातीला सगळ्यांनाच वाटतं. पण 1981 च्या कंटेम्प्ट ऑफ कोर्ट अॅक्टप्रमाणे इंग्लंडच्या कोर्टात परवानगीशिवाय रेकॉर्डिंग करता येत नाही आणि फोटो तर 1925 च्या कायद्यापासूनच बंद, त्यामुळे प्रेस बेंचवर बसलं की बोललेलं शब्दशः टिपायला वही आणि पेनच कामी येतं. मॅजिस्ट्रेट कोर्टात सुरुवातीलाच आरोपी उठून नाव, जन्मतारीख, पत्ता सांगतो, तेही बरेचदा पुटपुटत, आणि तेवढं सुटलं की पुढचं कितीही छान लिहा, बातमी अडकते. वय आणि रस्त्याचं नाव लागतंच. का ते लॉच्या तासाला कळलं. 1940 ची न्यूस्टेड केस आहे, पेपरने कॅम्बरवेलच्या हॅरोल्ड न्यूस्टेडला दुसरं लग्न केल्याबद्दल शिक्षा झाली असं छापलं, बातमी खरीच होती, पण त्याच भागात त्याच नावाचा, साधारण त्याच वयाचा दुसरा माणूस राहत होता आणि त्याने पेपरवर केस केली. हे एकदा ऐकलं की पत्ता विसरायची हिंमत होत नाही.

मला तर लॉ हाच विषय सगळ्यात आवडला. लैंगिक गुन्ह्यातल्या पीडितेचं नाव आयुष्यभर छापायचं नाही हे एक झालंच, पण नाव न देता गाव, नातं, नोकरी असं थोडं थोडं देऊनही ओळख उघड होते, आणि एका पेपरने एक तुकडा, दुसऱ्याने दुसरा दिला तरी होते, हे उदाहरणं घेऊन घेऊन शिकवतात. आपल्याकडच्या बातम्या वाचताना मला आता हे फार खटकतं.

पब्लिक अफेअर्स, म्हणजे सरकार आणि कौन्सिलच्या (इथल्या पालिकेच्या) कारभाराचा विषय, रटाळ वाटतो पण सोडू नका. कौन्सिलच्या मीटिंगला बसायचा प्रेसचा हक्क 1960 च्या कायद्याने पक्का झाला आणि ते बिल तेव्हा नव्यानेच निवडून आलेल्या मार्गारेट थॅचरने आणलं होतं. 2018 पासून बीबीसीच्या पैशांवर लोकल पेपरांत मुख्यतः कौन्सिल कव्हर करणारे रिपोर्टर असतात, म्हणजे नोकऱ्या इथेही आहेत.

आता तक्रार. आमच्याकडे टर्मच्या मध्यातच शॉर्टहँडच्या मॅडम सोडून गेल्या आणि बदली शिक्षक येईपर्यंत आम्हाला नुसत्या ऑडिओ फाइल्स दिल्या, त्यात अर्ध्या वर्गाचा स्पीड पडला तो पुन्हा नीट वर आलाच नाही. फी भरून हे व्हायला नको होतं. वर्क प्लेसमेंटही ज्याची त्यानेच शोधायची, तेव्हा ईमेल सप्टेंबरपासूनच पाठवायला लागा.

तरीही ज्यांना बातमीच करायची आहे, अगदी नोकरी सोडून तिशीत वळायचं असलं तरी, त्यांनी हा कोर्स जरूर करावा असं मी मनापासून सांगेन. फक्त अॅडमिशन घ्यायच्या आधी ओपन डेला जाऊन दोन गोष्टी विचारा, शॉर्टहँडचे शिक्षक पर्मनंट आहेत का आणि गेल्या वर्षी किती जणांनी 100 गाठलं. आकडा सांगायला टाळाटाळ केली तर दुसरं कॉलेज बघा.