रॅम वाढवावी की एसएसडी बसवावी?

मैत्रिणीचा जुना लॅपटॉप सुरू व्हायलाच पाच मिनिटं घेतो. खर्च एकाच गोष्टीवर करायचाय: रॅम (चालू कामाची तात्पुरती स्मृती) की एसएसडी (हार्ड डिस्कऐवजी बसणारी, चिपवरची साठवण), त्यामुळे ती पेचात आहे.

आधी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा. काहीच काम चालू नसताना डिस्क बराच वेळ १०० टक्क्यांवर अडकलेली दिसली, तर दुखणं बहुधा हार्ड डिस्कचं.

वेगाचं म्हणाल तर हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ५४०० किंवा ७२०० वेळा फिरते आणि हवी ती जागा सापडेपर्यंत दरवेळी काही मिलिसेकंद जातात. विंडोज सुरू होताना असंख्य छोट्या फायली वाचाव्या लागतात. तिथे हा उशीर साचतो. एसएसडीत फिरणारं काही नाहीच. रॅमचं काम वेगळं. ती भरली की संगणक डिस्कवर जागा शोधतो आणि टॅब बदलतानाही सगळं गोठतं.

मेहनत रॅमला कमी, पट्टी खाचेत दाबली की झालं. मात्र डीडीआर३ आणि डीडीआर४ या रॅमच्या वेगवेगळ्या पिढ्या, डीडीआर३च्या खाचेत डीडीआर४ बसत नाही आणि काही लॅपटॉपमध्ये रॅम मुख्य बोर्डलाच कायमची जोडलेली असते. एसएसडीसाठी विंडोज क्लोन करावं लागतं (म्हणजे जुन्या डिस्कवरचं जसंच्या तसं उतरवावं लागतं) किंवा नव्याने टाकावं लागतं. त्याआधी फोटोंची प्रत दुसरीकडे ठेवाच, कृपा करून.

टिकाऊपणात दोन्ही चांगल्या. धक्के सोसण्यात एसएसडी हार्ड डिस्कपेक्षा कणखर.

अजून हार्ड डिस्कच असेल, तर माझं मत ठाम आहे: एसएसडी. एसएसडी आधीच आहे, पण ४ जीबी रॅमवर वीस टॅब उघडायचे असतील, तर ८ जीबी करा.