250 सीसी ट्रायल्स बाइक: अनेक महिने वापरल्यानंतरचा अनुभव

या गाडीला सीट नाही. पाहणारा प्रत्येकजण आधी तेच विचारतो, म्हणून सुरुवातीलाच सांगून टाकते. सीटच्या जागी मडगार्डचा खोलगट भाग आहे, जमिनीपासून जेमतेम 65 सेंटिमीटरवर. बसायचं नसतंच, चालवायची ती सगळी उभ्याने. टाकीत अडीच लिटरच्या आसपास पेट्रोल मावतं आणि गाडीचं वजन 70 किलोच्या आगेमागे, म्हणजे रस्त्यावरच्या साध्या मोटरसायकलच्या साधारण निम्मं. कुठे लांब जायला ही गाडी नाही. दगड, ओढ्याचं पात्र, झाडाची मुळं, उभा चढ अशा जागेतून पाय न टेकता, माणसाच्या चालीने पार होण्यासाठी ती बनवलेली आहे.

ट्रायल्स या खेळाचे नियम माहीत नसतील तर थोडक्यात सांगते. आखून दिलेल्या तुकड्याला सेक्शन म्हणतात. एकदा पाय टेकला तर 1 गुण, दोनदा टेकला तर 2, तीन किंवा अधिक वेळा टेकला तर 3 आणि पडलात, आखलेल्या हद्दीबाहेर गेलात तर 5. शेवटी ज्याचे गुण कमी, तो जिंकला. वेगाला इथे जवळजवळ किंमत नाही. मी स्पर्धेत उतरत नाही, पण सरावाच्या वेळी गुण मनात मोजतेच, कारण त्यामुळे स्वतःला फसवता येत नाही.

माझी गाडी टू-स्ट्रोक, 250 सीसी. या वर्गात 125 पासून 300 पर्यंतचे पर्याय असतात. नवख्याला 300 मोहात पाडते, पण तिची ताकद सावरण्यातच हात गुंतून राहतात. 250 मध्ये खालच्या आरपीएमला पुरेसा जोर असतो आणि एखादा झटका चुकून बसला तरी गाडी हातातून निसटत नाही. फोर-स्ट्रोक हवी असेल तर माँटेसा कंपनीची कोटा 4आरटी आहे. तिला फ्युएल इंजेक्शन आहे आणि तरीही बॅटरी नाही, किक मारल्यावर तयार होणाऱ्या विजेवरच सगळं चालतं. ती चालवून पाहिली आहे. रेसची मूठ सोडल्यावर इंजिनचा ब्रेक चांगला लागतो, त्यामुळे उतारावर फार धीर येतो. मी टू-स्ट्रोक निवडली ती हलकेपणासाठी आणि इंजिन घरच्या घरी उघडता येतं म्हणून.

या हलकेपणामागे जुना इतिहास आहे. ट्रायल्सचे नावाजलेले चालक सॅमी मिलर हे 500 सीसीच्या एरियल कंपनीच्या फोर-स्ट्रोकवर वर्षानुवर्षे जिंकत होते. मग त्यांनी बुल्टाको या स्पॅनिश कंपनीसाठी 250 सीसीची शेर्पा ही गाडी घडवायला मदत केली आणि 1965 साली तिच्यावर स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल ही स्पर्धा जिंकली. तेव्हापासून हा खेळ हलक्या टू-स्ट्रोककडे वळला तो वळलाच. पुढे सायकल ट्रायल्समधून आलेल्या जोर्दी तार्रेस यांनी 7 विश्वविजेतेपदं मिळवली आणि जागेवर उड्या मारत गाडी फिरवण्याची पद्धत रुळवली. ती पद्धत जड गाडीवर शक्यच नव्हती. पण हलकी गाडी म्हणजे प्रत्येक भाग गरजेपुरताच जाड. झीज सोसायला जादा धातू कुठेच ठेवलेला नाही.

इतक्या महिन्यांत माझं एक मत पक्कं झालं आहे. 'मला हे जमत नाही' असं ज्याबद्दल वाटतं, त्यातलं बरंचसं गाडी नीट सेट केलेली नसल्यामुळे जमत नसतं. ताशी 60 च्या वेगात क्लचमधली थोडी ओढ, मुठीतला थोडा ढिलेपणा जाणवत नाही. ताशी 3 किलोमीटरच्या चालीत, पुढचं चाक दगडाच्या टोकावर असताना, तोच ढिलेपणा तुम्हाला खाली आणतो. म्हणून या गाडीची देखभाल आणि तिचं चालवणं मी वेगळं मानत नाही.

क्लचपासून सुरुवात करू, कारण सगळं तिथेच आहे. ट्रायल्समध्ये क्लच फक्त तर्जनीने दाबायचा; बाकीची तीन बोटं मुठीवर घट्ट. त्यासाठी लिव्हर हँडलवर आत सरकवून घ्यायचा, म्हणजे तर्जनी लिव्हरच्या बाहेरच्या टोकावर येते आणि पूर्ण तरफ मिळते. लिव्हरचा स्क्रू असा लावायचा की क्लच पकडतो ती जागा बोट अर्धं मिटल्यावर येईल. अगदी बाहेर पकडत असेल तर बोट सरळ असतं आणि त्यात ताकद नसते. मुठीला चिकटून पकडत असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही आणि गाडी पुढे ढकलत राहते. मी हा स्क्रू पाव-पाव फेरा फिरवून, प्रत्येक वेळी त्याच दगडाजवळ जाऊन पाहिला. जागा सापडली त्या दिवसापासून जागेवर तोल धरणं एकदम सोपं झालं. लिव्हरचे क्लॅम्प पूर्ण आवळू नयेत, ही अनुभवी लोकांची शिकवण सोन्यासारखी आहे. हँडलवर टेफ्लॉन टेपचे दोन वेढे आणि त्यावर बेताने आवळलेला क्लॅम्प ठेवला, तर गाडी पडल्यावर लिव्हर फिरतो, मोडत नाही. आणि गाडी पडतेच.

थंड इंजिनवर क्लचच्या प्लेटा तेलाने एकमेकींना चिकटलेल्या असतात. तशीच किक मारून गिअर टाकला तर गाडी पुढे उडी घेते. त्यामुळे दर वेळी इंजिन बंद असताना गिअरमध्ये टाकायची, क्लच दाबून धरायचा आणि गाडी मागेपुढे ढकलायची. आधी मागचं चाक अडतं, मग 'टक' होऊन मोकळं फिरतं. तो आवाज आला की न्यूट्रलमध्ये आणून किक मारायची. गिअरबॉक्सचं तेल दाट असलं की हा त्रास वाढतो. म्हणून बरेच मालक कारच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये असतं तसं हलकं तेल वापरतात. मीही तेच वापरते आणि फरक स्पष्ट आहे. आपल्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये काय सांगितलंय ते मात्र आधी पाहावं. तेल अर्धा लिटर किंवा त्याहूनही कमी असतं, आणि क्लच सतत अर्धवट दाबलेला असल्याने ते लवकर तापून काळं पडतं. एवढंसं तेल बदलण्यात चालढकल करण्यात अर्थ नाही.

क्लच आणि ब्रेक दोन्ही हायड्रॉलिक आहेत. काही गाड्यांच्या क्लचला मिनरल ऑइल लागतं, काहींना डॉट 4 हे ब्रेकचं द्रव. झाकणावर काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय बाटली उघडू नका. चुकीचं द्रव गेलं की आतले रबरी सील फुगतात आणि मास्टर सिलिंडरचं (लिव्हरजवळच्या छोट्या पंपाचं) काम निघतं.

आता टायर. मागच्या टायरमध्ये 4 ते 5 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा, पुढच्यात 6 च्या आसपास. साध्या मोटरसायकलच्या मागच्या चाकात 30 च्या घरात हवा भरणाऱ्याला हे खोटंच वाटतं. पण याच हवेत ट्रायल्सचा मऊ टायर दगडाला कवटाळतो. अर्धा पीएसआय वर गेला तरी ओल्या दगडावर मागचं चाक गरगर फिरायला लागतं. फार खाली गेला तर रिम दगडावर आपटून चेपते. पेट्रोलपंपावरचा हवेचा काटा इथे कामाचा नाही, 0 ते 15 पर्यंत मोजणारा छोटा गेज घ्यायचा. उन्हात टायर तापला की हवा वाढते, म्हणून मी चालवायच्या जागी पोचल्यावर आणि तासाभराने अशी दोनदा मोजते.

मागचा टायर ट्यूबलेस असतो आणि तो रिमवर बसवणं हे कसब आहे. बाजू इतक्या लवचिक असतात की हवा भरायला लागलं की ती कडेनेच निघून जाते. कडांना साबणाचं पाणी लावायचं, व्हॉल्व्हची आतली पिन काढायची, टायरच्या मध्यावर बांधायचा पट्टा आवळायचा, म्हणजे कडा बाहेर फाकतात. मग कॉम्प्रेसरची हवा एकदम सोडायची. 'फट' असा एक आवाज, थोड्या वेळाने दुसरा, आणि दोन्ही कडा जागेवर. हातपंपाने हे होणं फार कठीण. नव्या टायरची पकड नक्षीच्या ठोकळ्यांच्या धारदार कडांमुळे असते. त्या गोल झाल्या की बरेचजण टायर उलटा फिरवून बसवतात, म्हणजे दुसरी बाजू वापरात येते. डांबरी रस्त्यावर ही गाडी चालवू नये. मऊ रबर बघता बघता घासलं जातं.

इंजिनने मला जवळजवळ काही त्रास दिलेला नाही. पेट्रोलमध्ये दीड टक्के टू-स्ट्रोक ऑइल, म्हणजे लिटरमागे 15 मिली. हळू चालवण्यात जास्त ऑइल टाकलं की धूर आणि काळा प्लग एवढंच पदरात पडतं. कार्ब्युरेटरचं स्लो जेट बारीक असतं; गाडी काही आठवडे उभी राहणार असेल तर वाटीतलं पेट्रोल काढून टाकावं, नाहीतर ते सुकून भोक बुजतं आणि मग स्लो धरत नाही. ट्रायल्समध्ये स्लो धरत नसेल तर गाडी चालवण्यात काही राम नाही. रेसच्या मुठीसाठी बऱ्याच मॉडेलांना संथ आणि जलद अशा दोन प्रकारच्या नळ्या मिळतात. शिकताना संथच लावा: मनगट थोडं हललं तरी इंजिन शांत राहतं.

रेडिएटरचा पंखा मात्र रोज बघण्यासारखा आहे. इतक्या कमी वेगात समोरून वारा मिळतच नाही, सगळा भार पंख्यावर. पुढच्या चाकाने उडवलेला चिखल थेट त्याच्या पात्यांवर बसतो. माझा पंखा एकदा चिखल वाळून अडकला होता. नळीतून वाफ सुटली तेव्हा लक्षात आलं. आता निघण्यापूर्वी गाडी जागेवर सुरू ठेवून पंखा आपोआप लागतो का ते पाहते, मगच हेल्मेट चढवते.

गाडी धुण्याबद्दल माझं मत थोडं कडक आहे: प्रेशरचं पाणी जपून. एअर बॉक्स मागच्या मडगार्डखाली असतो आणि त्याच्या फटींतून पाणी आत जातं, तिथे मी धुण्याआधी टेप लावते. चाकांच्या बेअरिंगवर, लिंकेजवर (मागच्या सस्पेन्शनच्या सांध्यांवर) आणि हँडलच्या मानेवर फवारा मारायचाच नाही. लिंकेजचे सुईसारखे बारीक बेअरिंग गाडीच्या जवळजवळ सगळ्यात खालच्या जागी, चिखलपाण्यात असतात. ते उघडून, पुसून, वॉटरप्रूफ ग्रीस भरायला एक दुपार लागते. ती दुपार जो देत नाही त्याचं मागचं सस्पेन्शन हळूहळू ताठर होत जातं आणि त्याला वाटतं शॉकअप गेला. फोमचा एअर फिल्टर धुऊन, वाळवून, त्याला फिल्टरचं तेल चोळूनच बसवावा. कोरडा फोम बारीक धूळ अडवत नाही आणि ती थेट पिस्टनपर्यंत पोचते.

चालवण्याबद्दल. पहिले काही आठवडे मी दगडांच्या वाटेला गेलेच नाही. सपाट जमिनीवर, हँडल पूर्ण वळवून, गोल फिरत राहिले. गाडी आत झुकवायची, अंग बाहेर काढायचं, वजन बाहेरच्या फूटपेगवर (पाय ठेवायच्या दांडीवर), मागचा ब्रेक किंचित ओढलेला आणि क्लचवर तर्जनी. हे ऐकायला किरकोळ वाटतं, पण पुढचं सगळं यावर उभं आहे. त्यानंतर उतारावर वळणं, मग पुढचं चाक उचलून ओंडक्यावर ठेवणं. ओंडका चढताना हात ओढत नाहीत. गुडघे वाकवून सस्पेन्शन दाबायचं, ते वर येताना क्लच सोडून रेस द्यायची. सस्पेन्शन परत उसळतं त्याच क्षणी इंजिनचा जोर आला की पुढचं चाक आपोआप वर जातं. वेळ जुळली की जोर लागतच नाही, आणि हे अंगाला कळलं तो आनंद मला कुठल्याही वेगाने दिलेला नाही. जागेवर उभं राहून तोल धरायचा सराव तर मी अजूनही इंजिन बंद ठेवून करते: पुढचं चाक एका बाजूला पूर्ण वळवलेलं, पुढचा ब्रेक दाबलेला, नजर जमिनीवर नाही तर काही मीटर पुढे.

पोटऱ्या, मांड्या आणि हाताचे पंजे सुरुवातीला फार दुखतात. ट्रायल्सचे बूट वेगळे येतात, घोट्यात लवचिक. मोटोक्रॉसच्या कडक बुटात पेग जाणवत नाही. मनगटाला बांधायचा, पडल्यावर सुटून इंजिन बंद करणारा चुंबकी किल स्विच आजकाल स्पर्धांमध्ये सक्तीचा असतो. एकट्याने सराव करतानाही तो बांधलेला असावा, कारण पडताना मूठ पिळली जाते आणि सुटलेली गाडी तुमच्याच अंगावर येते.

जुनी गाडी घेणार असाल तर रंग आणि स्टिकर बघण्यात वेळ घालवू नका, प्लास्टिक बदलायला स्वस्त असतं. मागचं चाक उचलून वर-खाली हलवा, लिंकेजमध्ये खडखड आहे का ते हाताला कळेल. मागची रिम कडेने बोट फिरवून तपासा. चेपलेल्या जागी ट्यूबलेस टायर हवा धरत नाही. खालची संरक्षक प्लेट वाकून इंजिनला टेकली आहे का ते बघा. एअर बॉक्स उघडायला सांगा: आत चिखल असेल तर पिस्टनचा खर्च धरूनच किंमत बोला. आणि गाडी बघायला जाण्याआधीच मालकाला कळवा की इंजिन थंडच ठेवा. पोचल्यावर सिलिंडरला हात लावा, गरम लागला तर गप्पा मारत थांबा आणि थंड झाल्यावर किक स्वतः मारा.